सर्व्हेची गाडी

लॅब चालवणाऱ्या बाईला कशाचीच किळस येत नाही, असं लोकांना वाटतं. माझ्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. जळगावात माझी रक्त-लघवी तपासण्याची लॅब आहे. सकाळी टेबलावर जे काही येऊन पडतं, ते पाहून कामाला नवीन लागलेल्या मुली पहिले काही दिवस डबाच उघडत नाहीत. मी तिथेच पडद्याआड बसून पोहे खाते. त्यामुळे दोंडाईच्याजवळच्या एका खळ्यात आम्ही त्या जुन्या गाडीचं मागचं दार उघडलं, तेव्हा माझा नवरा निंबाखाली जाऊन ओकला आणि मी होते तिथेच उभी राहिले, यात नवल नव्हतं.

आत मिरचीच्या जुन्या गोण्या होत्या. उंदरांनी त्या फोडल्या होत्या, उंदरांसाठी कुणीतरी औषध टाकलं होतं, आणि ते खाऊन मेलेले उंदीर गोण्यांखालीच राहिले होते. कोपऱ्यात कधीतरी कुत्री व्यायली होती. तिची दोन पिल्लं पत्र्याला चिकटून चामड्यासारखी वाळली होती. मिरचीच्या खकाण्यात ते सगळं कुजणं मिसळलं की जो वास होतो, त्याला मला शब्द सापडलेला नाही. डोळ्यांतून पाणी काढणारा आणि तरीही गोडसर, असा तो होता.

खळ्याचे मालक आबा दाराला टेकून म्हणाले, “गाडी चांगली शे, भाऊ. नुसती धोवाले पायजे.”

त्यांच्या बायकोने, आक्कांनी, पदर नाकाला लावला होता. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “हाऊ वास रोज मना सैपाकघरमा येस, बाई. लई जा ही घाण.” घेऊन जा एकदाची, असं त्यांचं म्हणणं.

ही गाडी मी लहानपणी पाहिली होती. आमचं गाव यावलकडचं, केळीचं. एका हिवाळ्यात गावाबाहेरच्या आमराईत सर्व्हेवाल्यांचा तळ पडला होता. सातपुड्यातले दगड तपासायला आलेले लोक. वडील मला म्हणाले, “चाल व पोरी, गाडी पाहाले.” मी गेले आणि पाहिलं, तर नाल्यातल्या दगडगोट्यांवरून एक घर चढत होतं. लांबलचक गाडी, मागे झोपायची खोली, पुढे लोखंडी दोराचं रीळ, म्हणजे विंच. कुठे अडकलं की तो दोर झाडाला बांधायचा आणि गाडीने स्वतःलाच ओढून काढायचं. छपराला एक झाकण होतं. ते उघडून एक माणूस कमरेपर्यंत बाहेर आला आणि दुर्बिणीतून डोंगर बघू लागला. मला तेव्हा इंजिनिअर, कलेक्टर असलं काहीही व्हायचं नव्हतं. मला त्या झाकणातून बाहेर यायचं होतं.

गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही. अशा गाड्या शोधणाऱ्यांना ते आतापर्यंत कळलं असेल आणि इतरांना त्याचा उपयोग नाही. परदेशातून अशा मोजक्याच गाड्या मागवल्या होत्या, एवढं पुरे.

लग्नानंतर मी हे नवऱ्याला सांगितलं आणि त्यालाच वेड लागलं. त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, पण जीव गाड्यांत. लष्कराच्या लिलावातली एक जुनी फोर बाय फोर रुग्णवाहिका आम्ही दोघांनी आधीच घेतली होती. तिच्या आत दोन पलंग, गॅस आणि पाण्याची टाकी बसवून आम्ही कच्छला जाऊन आलो, स्पितीला जाऊन आलो. आता त्याने सर्व्हेच्या गाडीचा शोध सुरू केला. वरणगावच्या बाजूची भंगाराची दुकानं पाहिली, चाळीसगावची गॅरेजं पाहिली.

या शोधात गाड्यांपेक्षा माणसंच जास्त पाहावी लागतात. चाळीसगावला एकाने “हीच ती” म्हणून जी गाडी दाखवली, ती तीन वेगवेगळ्या गाड्या कापून जोडलेली होती. जोडाच्या जागी रंगाचे जाड थर होते. गाडी विकायला काढली तरी तो माणूस बोलता बोलता तिच्याच चाकावर गुटख्याची पिंक टाकत होता. दुसऱ्या एकाच्या शेतघरात जुन्या जीपांची नुसती तोंडं कापून भिंतीवर बसवली होती, दिवे लावून. शिकारी लोक सांबराची मुंडकी लावतात तशी. “यांची मागची बाजू कुठे आहे?” मी विचारलं. “भंगारात,” तो म्हणाला. “मागची कोण बघतंय?” त्याने आग्रहाने दिलेलं सरबत मी तसंच ठेवून उठले.

शेवटी दोंडाईच्याच्या एका मिरची व्यापाऱ्याने आबांचं नाव सांगितलं. आबा तरुणपणी त्याच तळावर ड्रायव्हर होते. काम संपल्यावर सरकारने गाडी लिलावात काढली, ती त्यांनी घेतली आणि बरीच वर्षं मिरची वाहिली. पुढे सुटे भाग मिळेनात, तेव्हा गाडी खळ्यात उभी राहिली ती राहिलीच. इंजिनही त्यांनी विकलं नव्हतं. ते जाम झालेलं, पण जागेवर होतं.

व्यवहार ठरला, पैसे गाडी नेताना द्यायचे होते. न्यायच्या आधी गाडी आम्हीच साफ करायची ठरवली, कारण तसली गाडी ओढून न्यायला कुठलाच ट्रकवाला तयार होईना. मी लॅबमधून हातमोजे, मास्क आणि फिनाईलचे डबे आणले. नवऱ्याने नाकात कापूर घातला. आम्ही फावड्याने गोण्या ओढल्या, पिल्लं खरवडून काढून खड्ड्यात पुरली, पाण्याचा पाइप लावला. दारातून लाल-काळं पाणी वाहू लागलं तेव्हा आक्का लांबूनच म्हणाल्या, “देखा, देखा, काय निंघी ऱ्हायनं!” मात्र दुपारी त्याच आमच्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या, आणि वाऱ्याची बाजू बघून बसल्या.

खाली हिरवट रंग दिसू लागला. नकाशे पसरायचं घडीचं टेबल होतं. झोपायच्या फळ्या होत्या. मी एका फळीवर चढून छपराचं झाकण ढकललं. दोनदा हललं नाही. तिसऱ्यांदा गंजाचा चुरा माझ्या तोंडावर पडला आणि ते उघडलं. मी कमरेपर्यंत बाहेर आले. समोर डोंगर नव्हता, वाळत घातलेल्या मिरच्यांचं लाल पठार होतं. आबा खालून मला बघून हसत होते. या साऱ्या प्रकरणात निव्वळ आनंदाची म्हणावी अशी ती एकच वेळ.

नवरा गाड्या घेऊन डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्यांच्या एका क्लबात होता; त्या संध्याकाळी त्याने क्लबच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि गाडी कुठे मिळाली तेही लिहिलं. हा क्लब धुळ्याचा, पण सभासद जळगाव-नाशिकपर्यंतचे. अध्यक्ष बांधकामाच्या धंद्यातले. अंगात खिशाखिशांचा शर्ट, गळ्यात कसल्याशा दाताची माळ, आणि मला प्रत्येक वाक्याला ‘वहिनी’. फोटोखाली सगळ्यांनी अंगठे दिले. अध्यक्षांनी हात जोडले.

पुढच्या आठवड्यात आम्ही ट्रक घेऊन गेलो, तर जागा रिकामी होती. जमिनीवर तेलाचा काळा चौकोन तेवढा राहिला होता. आबा खाटेवर बसले होते. खांद्यावर नवी शाल, मांडीवर काचेचं स्मृतिचिन्ह.

“धुयाना लोके उनथात,” ते म्हणाले. धुळ्याचे लोक आले होते. “पंधरा-वीस गाड्या. हार घाला, पेढा दिना. ते संग्रहालय बांधनार शेत. तठे मनं नाव लावनार शेत. तुमनाच क्लब शे ना, भाऊ?”

 माझा नवरा त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिला. आक्का म्हणाल्या, “गयी ना घाण! कोन लई गया, माले काय करनं शे.” त्यांच्या जागी मी असते, तर मीही हेच म्हटलं असतं.

मी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला.

“वहिनी, रागावू नका,” ते म्हणाले. “गाडी क्लबची म्हणजे तुमचीच. तुमच्याकडून तिचं नीट झालं नसतं. आम्ही तिला न्याय देणार.”

न्याय हा शब्द त्या दिवसापासून माझ्या तोंडातून सहज निघत नाही.

थंडी संपता संपता क्लबची मोहीम निघाली. सातपुड्याच्या पायथ्यापासून वर, एका नाल्याच्या कडेने. मी जाणार नव्हते. नवरा म्हणाला, “एकदा बघू तरी. तू एवढी वर्षं तिच्यासाठी...” म्हणून आम्ही आमची रुग्णवाहिका घेऊन निघालो.

गाडी बघून मला पहिल्यांदा वाटलं, दुसरीच आहे. तिला वाळवंटाचा पिवळा रंग दिला होता. खानदेशात वाळवंट कुठलं? झोपायच्या फळ्या काढून तिथे फ्रीज आणि माणसाएवढे स्पीकर बसवले होते. नकाशांचं टेबल नव्हतं. छपराचं झाकण कापून भोक एवढं मोठं केलं होतं की चार माणसांनी उभं राहून नाचावं. इंजिन दुसऱ्याच कुठल्या गाडीचं. आणि गाडी खूप हिंडलेली वाटावी म्हणून नवीन रंग जागोजागी घासून काढला होता, हातोडीने पोचे पाडले होते, गंजाचा रंग मारून वर लाख फिरवली होती. एक जण डब्यात कालवलेला काळ्या मातीचा चिखल ब्रशने दारांवर शिंपडत होता. रस्ता कोरडा होता, पण फोटोत चिखल हवा होता.

आबांच्या खळ्यात मला ओकारी आली नव्हती. तो ब्रश बघून आली.

“आबांचं नाव कुठे लावलंय?” मी विचारलं.

अध्यक्ष हसले. “संग्रहालय होऊ द्या, वहिनी. अजून जागा बघतोय.”

वर नाल्याजवळ पोहोचलो. पाणी आटत आलं होतं, खडकांमधून चपटी धार तेवढी चालली होती. धारेच्या कडेला वाळूत बायकांनी झिरा केला होता. झिरा म्हणजे वाळूत हाताने उकरलेला खड्डा. त्यात पाणी गाळलं जाऊन हळूहळू वर येतं आणि वाटीवाटीने हंड्यात भरावं लागतं. पाड्यावरच्या पाच-सहा बायका तिथे हंडे घेऊन बसल्या होत्या. आमचा ताफा बघून त्या उठून कडेला उभ्या राहिल्या.

सर्व्हेची ती पिवळी गाडी धारेत उतरली, पाणी उडवत पलीकडे गेली. ड्रोन उडवणारा ओरडला, “सूर्य मागे आला, परत घ्या!” गाडी परत आली. पुन्हा गेली. एकदा ड्रोन झाडामागे गेला, एकदा छपरातल्या माणसाची टोपी पडली, एकदा बायका मध्ये दिसल्या. “ताई, जरा बाजूला व्हा ना, चित्रात येता,” असं त्यांना सांगण्यात आलं. त्या आणखी मागे सरकल्या. गाडीच्या फेऱ्यांनी वाळू उसकटून झिऱ्याची एक कड आत ढासळली.

त्यातली वयस्क बाई माझ्याजवळ आली. तिने मराठी शब्द सावकाश जुळवले. “तुमची माणसं आहेत?”

“माझी नाहीत,” मी म्हणाले. पण मी उभी होते त्यांच्याच गाड्यांच्या रांगेत.

पुढच्या फेरीला गाडी एका खडकावर आपटली. आवाज मोठा झाला, स्पीकरवरच्या गाण्याच्याही वर आला. गाडी थांबली, तीही थेट झिऱ्याच्या वरच्या अंगाला. आणि खालून काळं तेल पाण्यात उतरू लागलं. पाण्यावर आधी तांबडी-निळी साय पसरली, मग झिऱ्यात काळा गोळा फिरू लागला. छपरातले लोक अजून हसत होते.

“विंच लावा,” माझा नवरा ओरडला. “दोर झाडाला बांधा, लवकर!”

कुणी हललं नाही. मग एक जण म्हणाला, “विंच नुसती दिसायला आहे. आत काही नाही. आतलं विकलं.”

“वहिनी, तुमची गाडी पुढे घ्या ना,” अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या बुटांना तेल लागू नये म्हणून ते दगडावर चढले होते. “बाकीच्या गाड्या नवीन आहेत, रंग खराब होईल.”

गाडी पाण्यात असेपर्यंत तेल गळतच राहणार होतं, म्हणून मी रुग्णवाहिका पुढे घेतली. नवऱ्याने गुडघाभर चिखलात उतरून पट्टा अडकवला. आम्ही ती गाडी ओढून काढली आणि काठावरच्या खडकावर उभी केली. नवऱ्याने खाली पातेलं ठेवलं. मग मी आमची गाडी मागे घेतली आणि परतीच्या वाटेवर आडवी लावली. वाट एका गाडीपुरतीच होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नाला. मी किल्ली काढून ब्लाउजमध्ये ठेवली आणि खाली उतरले.

“हे काय?” अध्यक्ष म्हणाले.

“झिरा साफ होईपर्यंत कुणी खाली जाणार नाही.”

“अहो वहिनी, तेल वाहून जाईल आपोआप. आम्ही यांना बाटलीबंद पाण्याचे खोके देतो ना. भरपूर आहेत.” आणि खरंच त्यांनी एका पोरगेल्या सभासदाला खोके उतरवायला सांगितलं. त्याने एक बाटली त्या वयस्क बाईपुढे धरली. तिने ती घेतली नाही. तिने झिऱ्याकडे बोट केलं आणि विचारलं, “बैल बाटलीतून पितील?”

मी नवऱ्याकडे बघितलं. ही त्याची मित्रमंडळी. यांच्याबरोबर त्याने वर्षानुवर्षं तंबू ठोकले, चहा प्यायला, एकमेकांच्या गाड्या चिखलातून ओढल्या. तो हात पुसत उभा होता. अध्यक्ष त्याला म्हणाले, “भाऊ, वहिनींना समजवा.”

तो म्हणाला, “फावडं आहे का कुणाकडे? मोहिमेची गाडी आहे ना तुमची?”

फावडं होतं, पण दारावर शोभेसाठी घट्ट वेल्डिंग केलेलं. आमच्या गाडीतलं फावडं त्याने काढलं. मी हातमोजे घातले आणि आमच्या गाडीतली गोणपाटं तेलाच्या सायीवर पसरली. ती तेल पिऊन जड झाली की उचलायची, पिशवीत भरायची, दुसरी टाकायची. तेल कोपरापर्यंत चढलं. वयस्क बाई म्हणाली, “इथलं पाणी आता नाही चालणार. वर खोदा,” आणि तिने धारेच्या वरच्या अंगाला जागा दाखवली. नवरा तिथे खणू लागला. थोड्या वेळाने क्लबमधले दोघे-तिघे मुकाट्याने येऊन त्याच्याशेजारी हाताने वाळू उपसू लागले. बाकीचे गाड्यांत काचा वर करून बसले. अध्यक्ष वातानुकूलित गाडीत बसून मोठमोठ्याने फोन करत होते. काचेआडून त्यांचे नुसते ओठ दिसत होते.

नव्या खड्ड्यात आधी गढूळ पाणी आलं. बायकांनी ते उपसून टाकलं. पुन्हा आलं, पुन्हा टाकलं. बऱ्याच वेळाने तळाची वाळू दिसू लागली, तेव्हा वयस्क बाईने वाटी बुडवून पाणी तोंडात घेतलं, चुळा भरून थुंकली, पुन्हा घेतलं आणि गिळलं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. आभार वगैरे नाही. पाणी चालेल, एवढंच. मी जाऊन गाडी बाजूला घेतली.

 घरी पोहोचेपर्यंत आम्हा दोघांना ग्रुपमधून काढलं होतं. नंतर त्यांनी मोहिमेचा व्हिडिओ टाकला, तो मला लॅबमधल्या एका मुलीने दाखवला. सूर्य मागे, गाडी पाण्यातून उसळते, वर चौघे हात पसरून उभे. बायका कुठेच नाहीत. खडकावर आपटणं नाही. खाली लोकांनी लिहिलं होतं, ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘किती स्वच्छ पाणी’. मुलगी म्हणाली, “मॅडम, छान आहे ना?” मी तिला सकाळचे नमुने लावायला सांगितलं.

पुढे कळलं, ती गाडी धुळ्याच्या बायपासवरच्या एका हॉटेलपुढे उभी आहे, लग्नाचे फोटो काढायला. मी बघायला गेले नाही.

दोंडाईच्याला मात्र जायलाच हवं होतं. आबा दर थोड्या दिवसांनी नवऱ्याला फोन करून संग्रहालयाचं विचारत होते, आणि नवरा काहीतरी पुटपुटून फोन ठेवत होता. एका रविवारी आम्ही रुग्णवाहिका घेऊन गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं, चिखलाच्या ब्रशापासून झिऱ्यापर्यंत. आक्का मिरच्यांची देठं मोडत ऐकत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, “पेवाना पानीमा तेल टाकं?” आणि हातातली मिरची टोपलीत फेकून दिली.

 आबांनी एवढंच विचारलं, “इंजिन कोनतं टाकं तिन्हामा?”

नवऱ्याने सांगितलं.

“मंग ती मनी गाडी नहीच,” आबा म्हणाले.

ते खाटेवरून उठले, चपला शोधल्या आणि आमच्या गाडीपाशी आले. तिच्याभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायाने ठोकलं. मग नवऱ्याला बॉनेट उघडायला सांगितलं. दोघे आत डोकं घालून उभे राहिले आणि डिझेलची नळी उजव्या बाजूने का नेली, यावर वाद घालू लागले. मी आक्कांच्या शेजारी बसून देठं मोडायला घेतली.